खोक्यावर न छापलेले आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहण जवळ आले किंवा एखादा धूमकेतू दिसणार असला, की 'पहिली दुर्बीण कोणती घ्यावी' अशी चौकट वृत्तपत्रांत हमखास येते. त्यात बहुधा दोनच आकडे असतात: व्यास किती, आणि वस्तू किती पट मोठी दिसते. पहिला आकडा कामाचा आहे. दुसरा छापणे आता थांबवावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहायला घेतले होते. पण त्याच्या जागी काय छापावे ते न सांगता नुसती तक्रार करणे बरे नव्हे, म्हणून ते लांबले आहे.

७६ मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर फोकल लेंथ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचे अंतर) असलेल्या लहान दुर्बिणीच्या खोक्यावर '५२५ पट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आढळते. हिशेब खोटा नाही. ७०० ला ४ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याजवळच्या बदलत्या भिंगाने, भागले की १७५ येतात, वर ३ पटीचा बार्लो (प्रतिमा वाढवणारे जोडभिंग) लावला की ५२५. पण भिंग किंवा आरसा किती बारकावा दाखवील हे व्यासावर ठरते. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपलीकडे, म्हणजे इथे १५२ पटीच्या पुढे, चित्र नुसते मोठे आणि अंधूक होत जाते. ५२५ पटीला आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका जेमतेम ०.१४ मिलिमीटर जाड उरते. त्यातून गुरू पाहणे म्हणजे धुक्यातला दिवा पाहणे. त्यात सोबत दिलेली तिपाई अशी, की फोकसच्या चाकाला बोट लावले तरी गुरू दृश्यातून उडी मारून बाहेर जातो. माणूस दोन रात्री झटतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

डोळ्याने पाहण्यापुरती जुळणी तोंडी हिशेबात बसते. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ म्हणजे किती पट, आणि व्यास भागिले तो आकडा म्हणजे शलाकेची जाडी. २०० मिलिमीटर व्यासाचा, १२०० फोकल लेंथचा आरसा जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेल्या साध्या बैठकीवर ठेवला, तर ३२ मिलिमीटरचा आयपीस ३७ पट आणि ५.३ मिलिमीटरची शलाका देतो. तेजोमेघ आणि पसरट तारकागुच्छ यांच्यासाठी तो उत्तम. १० मिलिमीटरचा १२० पट देतो. दीर्घिका आणि गोलाकार तारकागुच्छ त्यात खुलतात. ६ मिलिमीटरचा २०० पट, ग्रह आणि चंद्रासाठी. त्यापुढे बहुतेक रात्री वातावरणच आडवे येते. तीन आयपीस झाले, बाकीची पेटी भरायची घाई नको. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ती ५ च्या आसपास थांबते. शलाका ७ ची आणि बाहुली ५ ची असेल, तर २०० चा आरसा १४३ चाच राहतो, उरलेला प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो. चष्मेवाल्यांनी आणखी एक आकडा विचारावा: भिंगापासून डोळा किती दूर ठेवता येतो. साध्या प्लॉसल आयपीसमध्ये हे अंतर फोकल लेंथच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लॉसलला ४ मिलिमीटर. चष्म्याला १५ ते २० लागतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस पुन्हा जुळवला की भागते. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर भागत नाही.

कॅमेरा आला की मात्र दुर्बिणीचा संसार वाढतो, आणि संसारातली भांडणे बहुतेक सांध्यांवरच होतात. भिंग चांगले, कॅमेरा चांगला, माउंट (दुर्बीण पेलणारी आणि ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) चांगले, आणि तिन्ही एकत्र आणल्यावर फोटो वाईट: हे इतके सर्रास घडते की त्याला अपवाद म्हणता येत नाही.

निवड कॅमेऱ्यापासून किंवा दुर्बिणीपासून सुरू करू नये, ज्याचा फोटो हवा त्या वस्तूच्या आकारापासून करावी. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश लांब आहे, पूर्ण चंद्र अर्धा अंश, स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ मोठ्या बाजूने सुमारे ८४ विकला, आणि गुरू जवळ असताना ४५ ते ५० विकला. (१ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला, पंचांगातले हे जुने शब्द इथे नेमके उपयोगी पडतात.) सेन्सरची बाजू मिलिमीटरमध्ये घेऊन तिला फोकल लेंथने भागावे आणि ५७.३ ने गुणावे, म्हणजे किती अंशांचे क्षेत्र चौकटीत येते ते कळते. २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा एपीएस-सी सेन्सर ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला लावला तर चौकट सुमारे ३.४ बाय २.२ अंशांची होते, देवयानी आडवीतिडवी का होईना पण मावते. तोच सेन्सर २००० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर ०.६७ बाय ०.४५ अंश दाखवतो. देवयानीचा फक्त गाभा. उलट ११.३ मिलिमीटरचा चौरस सेन्सर ४०० वर १.६ अंशांची चौकट देतो, ज्यात मृगातला मोठा तेजोमेघ नेटका बसतो.

मग पिक्सेलचा हिशेब. पिक्सेलची बाजू मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६.३, भागिले फोकल लेंथ: उत्तर येते एका पिक्सेलमध्ये किती विकला. आजच्या पुष्कळ खगोल कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो. ४०० मिलिमीटरला त्याचे १.९४ विकला होतात, २००० ला ०.३९. हवा ताऱ्याचा ठिपका साधारण २ ते ४ विकलांपर्यंत पसरवते. त्या ठिपक्यावर दोन-तीन पिक्सेल पडले की पुरे. म्हणजे दीर्घ एक्स्पोजरच्या फोटोसाठी १ ते २ विकला प्रतिपिक्सेल हा सुखाचा पट्टा. ०.३९ वर काम करणाऱ्याला बारकावा जास्त मिळत नाही. तोच धूसर ठिपका अधिक पिक्सेलांत वाटला जातो, प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि माउंटची प्रत्येक चूक पाचपट ठसठशीत दिसते. नवशिक्याने लांब फोकल लेंथची दुर्बीण घेऊन थेट दीर्घिकांच्या मागे लागू नये, ते याच कारणासाठी. दुसऱ्या टोकाला ४०० मिलिमीटरमधून तो कंकणाकृती तेजोमेघ टिपला तर त्याची लांबी अवघे ४३ पिक्सेल भरते. आकार कळतो, आतले काही नाही. पण १३५ मिलिमीटरची कॅमेऱ्याची लेन्स ५.७ विकला प्रतिपिक्सेल देत असूनही १० बाय ६.७ अंशांच्या चौकटीत आकाशगंगेचे सुंदर फोटो काढते. तारे थोडे चौकोनी आले तर येऊ द्यावेत.

ग्रहांचा हिशेब वेगळा आहे आणि इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. ग्रहाचा एक लांब फोटो काढत नाहीत. ५ ते १० मिलिसेकंदांच्या हजारो चौकटींचा व्हिडिओ घेतात आणि हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाच्या, साधारण १० ते २० टक्के, चौकटी निवडून एकावर एक रचतात. हवेला असा गुंगारा दिला की व्यासाची पूर्ण क्षमता मिळते, म्हणून पिक्सेल बारीक पाडावे लागतात. साधा नियम असा की दुर्बिणीचा एफ क्रमांक (फोकल लेंथ भागिले व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनच्या ५ पट असावा. २ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/१० पुरे, म्हणजे एफ/१० च्या श्मिट-कॅसेग्रेनला (आरसे आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीला) तो कॅमेरा थेट लावावा. २.९ मायक्रॉनला एफ/१४.५, म्हणून दीडपटीचा बार्लो. ३.७६ ला एफ/१९, म्हणून दुप्पट. बार्लोवर छापलेला आकडा ठरावीक अंतराचा असतो. बार्लो आणि सेन्सर यांच्यातले अंतर वाढले की पटही वाढते, आणि मध्ये फिल्टरची चकती आली तर '२ पट' सहज २.५ होते. गुरू दहा तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर त्याचे पट्टे पुसट होऊ लागतात, आणि मग नवशिक्या कॅमेऱ्याला दोष देतो.

आता माउंट. पैशांची वाटणी करताना निम्मा वाटा आधी याच्यासाठी बाजूला काढावा आणि उरलेल्यात काय बसते ते पाहावे. हे वाक्य कुणालाच आवडत नाही, कारण माउंट दिसायला रुक्ष असते आणि त्याचा फोटो कुणी मित्रांना पाठवत नाही.

आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. ३ मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ते २७०० विकला सरकेल आणि या सगळ्या वेळात माउंटने एखाददुसऱ्या विकलेपेक्षा जास्त चुकता कामा नये. गिअर मात्र माणसाने कातलेले असतात. १८० दातांचे चक्र फिरवणारा वर्म (मळसूत्री दांडा) सुमारे ४७९ सेकंदांत एक फेरी पुरी करतो आणि त्या प्रत्येक फेरीत दुर्बीण पुढेमागे डुलते. हे डुलणे १५ विकला इकडे आणि १५ तिकडे असेल, तर १.९४ विकलांच्या पिक्सेलवर ती १५ पिक्सेलांची रेघ होते. याच कारणाने गायडिंग लागते, म्हणजे दुसऱ्या लहान कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारत राहणे.

माउंटवर '१५ किलो भार' असे लिहिलेले असते तो डोळ्याने पाहण्याचा भार समजावा. फोटोसाठी त्याचा अर्धा, फार तर साठ टक्के धरावा. आणि भार फक्त किलोत मोजून भागत नाही. त्याच वजनाची नळी दुप्पट लांब असली तर तिचे जडत्व चौपट होते, आणि वाऱ्याला पकडायला जागाही जास्त. ८० मिलिमीटरची चार किलोची आखूड भिंगाची दुर्बीण ज्या माउंटवर निवांत बसते, त्याच्यावर मीटरभर लांबीचा आरशाचा नळा किलोत बसत असूनही शिडासारखा हलतो. पहिल्या फोटोग्राफीसाठी ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची, ३५० ते ५०० फोकल लेंथची भिंगाची दुर्बीण आणि तिच्यापेक्षा एक माप मोठे विषुववृत्तीय माउंट (ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात), ही जोडी म्हणूनच सुचवतात. चांगल्या जोडीत माउंट दुर्बिणीपेक्षा जड दिसते.

माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवण्याबद्दल एक आकडा देतो, कारण 'ध्रुवताऱ्याकडे रोखा' हा सल्ला अजून छापला जातो. ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे ३८ कला दूर आहे. माउंटचा अक्ष थेट ताऱ्यावर रोखला तर तारे मिनिटाला १० विकलांपर्यंत सरकू शकतात. अक्ष ५ कलांपर्यंत आणला तर हे सरकणे १.३ विकलांवर येते. गायडिंग तेवढे सहज सावरते. कॅमेऱ्याने आकाशाचे फोटो घेऊन चूक दाखवणारे संगणकी उपाय आता मोफत मिळतात आणि दहा मिनिटांत अक्ष एका कलेच्या आत आणतात. विषुववृत्ताजवळच्या अक्षांशांवर राहणाऱ्यांनी घेण्याआधी आणखी एक पाहावे: काही माउंटांचा अक्ष फार खाली झुकवला की वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. किमान अक्षांश किती, हे माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि कुणी वाचत नाही.

तोल साधायचा तो सगळे सामान लावून झाल्यावर: कॅमेरा, गायड दुर्बीण, दवरोधक पट्टा, केबलीसुद्धा. वजने दांड्यावर शक्य तितकी आत, अक्षाजवळ असावीत. लांब टोकाला एक लहान वजन ठेवण्यापेक्षा आत दोन ठेवणे चांगले, जडत्व कमी राहते. वर्मच्या माउंटमध्ये पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतात, म्हणजे दाते एकाच अंगाला टेकून राहतात आणि मधल्या फटीत डुलत नाहीत. अलीकडची, तोलाच्या वजनाशिवाय चालणारी स्ट्रेन-वेव्ह (लवचिक दातेरी चक्राची) माउंट हलकी आणि सोयीची आहेत, पण त्यांचे डुलणे मोठे आणि झपाट्याने होणारे असते. त्यांना गायडिंगशिवाय पर्याय नाही, आणि गायड कॅमेऱ्याचे एक्स्पोजरही अर्धा ते एक सेकंदाचे ठेवावे लागते. वर्मच्या माउंटला चालणारे दोन-तीन सेकंद इथे उशीर ठरतात.

गायड दुर्बीण किती मोठी हवी? १२० मिलिमीटर फोकल लेंथवर ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल ६.४ विकलांचा होतो. संगणक ताऱ्याचा मध्य साधारण दशांश पिक्सेलपर्यंत काढतो, म्हणजे ०.६ विकला, ४०० मिलिमीटरच्या मुख्य दुर्बिणीला भरपूर झाले. मुख्य दुर्बीण ८०० ते १००० च्या पुढे गेली की अडचण वेगळीच येते. गायडिंगचा आलेख सरळ, आणि तारे तरीही लांबट. कारण गायड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या तुलनेत किंचित वाकत असतात, किंवा श्मिट-कॅसेग्रेनचा मोठा आरसा आत सरकत असतो. त्याला उपाय मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश वळवून घेणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर.

आता तो सांधा, ज्याच्यावर सर्वाधिक रात्री वाया जातात: बॅकफोकस, म्हणजे सुधारक भिंगापासून सेन्सरपर्यंतचे अंतर. भिंगाच्या दुर्बिणीचे फोकस सपाट पृष्ठावर पडत नाही, बशीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. आरशाच्या वेगवान, म्हणजे लहान एफ क्रमांकाच्या, दुर्बिणीत कडेच्या ताऱ्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते, तिला कोमा म्हणतात. पहिल्याला फ्लॅटनर, दुसऱ्याला कोमा करेक्टर. ही भिंगे सेन्सरपासून ठरावीक अंतरावर असली तरच काम करतात आणि ते अंतर बहुतेक वेळा ५५ मिलिमीटर असते. आकडा जुन्या कॅमेऱ्यांतून आला. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात सेन्सर तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असतो, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ ची, बेरीज ५५. निकॉनचा एफ कॅमेरा ४६.५ आणि टी-रिंग ८.५, पुन्हा ५५. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सर तोंडाजवळ असतो: सोनी ई ला १८, कॅनन आरएफ ला २०, निकॉन झेड ला १६. उरलेले अंतर रिंगने भरावे लागते. थंड केलेल्या खगोल कॅमेऱ्यांत हे अंतर पुष्कळदा १७.५ असते, म्हणजे ३७.५ भरायचे, बहुधा २१ आणि १६.५ च्या दोन रिंगांनी. त्यात फिल्टरची पेटी घातली तर तिची जाडी त्यातून वजा करावी. शिवाय काच प्रकाशाचा मार्ग लांबवते, जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने: २ मिलिमीटरचा फिल्टर असेल तर ५५ च्या जागी ५५.७ हवेत. रिंग मोजताना बाहेरचा आटा धरायचा नसतो, तो समोरच्या रिंगेत जातो. अर्धी चूक इथेच होते. एफ/७ ला एखाद्या मिलिमीटरची चूक खपते, एफ/४ ला दशांश मिलिमीटरचे पातळ वॉशर घालून जुळवावे लागते.

चूक ओळखावी कशी? चारही कोपऱ्यांतले तारे केंद्रापासून बाहेर पळाल्यासारखे लांबट असतील तर सेन्सर बहुधा फार जवळ आहे. केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे असतील तर फार दूर. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर अंतर बरोबर आहे पण काहीतरी तिरके बसले आहे. तेव्हा कॅमेरा दुर्बिणीत १८० अंशांनी फिरवून पुन्हा फोटो घ्यावा. बिघडलेला कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर दोष कॅमेऱ्याकडच्या भागात. समोरच्या कोपऱ्यात गेला तर फोकसर किंवा भिंगांत. एवढी एक चाचणी केली तर नको ते स्क्रू फिरवण्याचे पाप टळते.

आट्यांबद्दल सावध राहावे. खगोल कॅमेऱ्यांचा टी-आटा एम४२ (४२ मिलिमीटर व्यासाचा), ०.७५ पिचचा, म्हणजे दोन वेढ्यांत तेवढे मिलिमीटर अंतर असलेला. जुन्या स्क्रू-लेन्सचा आटाही एम४२ च, पण १ मिलिमीटर पिचचा. दोन्ही दीड फेरी गोडीगुलाबीने बसतात, मग अडतात, आणि जोर लावला तर ॲल्युमिनियमचा आटा कायमचा जातो. फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटरचा असतो; त्याला एम४२ ची वाट अरुंद पडते, कोपरे काळे येतात, तिथे एम४८ लागतो. एपीएस-सी चा कर्ण २८, त्याला चालून जाते.

डोळ्यासाठी बनवलेल्या आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला आणि फोकस येतच नाही, ही तक्रार तर नेहमीची. बिघाड कशातच नसतो. अशा दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या तोंडाजवळ पडते, कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र ५५ मिलिमीटर मागे असतो. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी तेवढी जागा मिळत नाही. तात्पुरता उपाय बार्लो, कारण तो फोकस मागे ढकलतो, पण २ पटीच्या बार्लोने चौकट लांबी-रुंदीला निम्मी होते. कायमचा उपाय मोठा आरसा नळीत दोन-चार सेंटिमीटर पुढे सरकवणे किंवा बुटका फोकसर बसवणे. तेव्हा दुय्यम आरसा लहान पडून कडा काळ्या येणार नाहीत ना, ते आधी तपासावे. भिंगाच्या दुर्बिणीत नेमके उलटे: काटकोनी डायगोनल काढला की फोकस येण्यासाठी नळी लांबवावी लागते, म्हणून जोडनळी मागवून ठेवावी.

फोकस किती नेमके हवे? एफ/५ ला सूट अवघी ६७ मायक्रॉनची, केसाच्या जाडीएवढी. रात्र निवत गेली की नळी आकसते आणि फोकस ही सूट ओलांडतो. बाहतिनोव मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची, फोकस दाखवणारी खाचांची चकती) लावून तासातासाने तपासावे. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नये.

फिल्टरच्या बाबतीत जाहिरात फार आणि उपयोग मोजका. जुने 'प्रकाशप्रदूषण फिल्टर' सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो गाळता येत नाही. हायड्रोजनच्या ६५६.३ आणि ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषाच तेवढ्या आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर उत्सर्जन करणाऱ्या तेजोमेघांना शहरातही उठाव देतो. दीर्घिका आणि तारकागुच्छ सगळ्या रंगांत चमकतात, त्यांना तो निरुपयोगी. त्यांच्यासाठी अंधारे आकाश गाठण्यापलीकडे उपाय नाही: आकाश ३ प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाची पायरी, एक पायरी सुमारे अडीच पट) उजळ असेल तर तोच दर्जा गाठायला सुमारे १६ पट वेळ लागतो. साध्या डीएसएलआरच्या आतला फिल्टर हायड्रोजनचा तांबडा प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून ड्युअल-बँड घेण्याआधी आतला फिल्टर बदललेला डीएसएलआर किंवा खगोल कॅमेरा हवा. फार वेगवान, एफ/२ च्या आसपासच्या दुर्बिणीत प्रकाश तिरका येतो आणि फिल्टरची खिडकी निळ्याकडे सरकते. अरुंद फिल्टरमधून हवी ती रेषाच निसटते. आणि सूर्याचा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर, शोधक दुर्बिणीलाही झाकण. आयपीसला लावायचा काळा फिल्टर तापून तडकतो, तो फेकून द्यावा.

शेवटी वीज, जिचा विचार कुणी करत नाही. माउंट १ ते २ अँपिअर, थंड कॅमेरा पूर्ण जोरावर ३ पर्यंत, छोटा संगणक आणि दवरोधक पट्टे मिळून आणखी दोन. सरासरी ५ धरले तर सहा तासांना ३० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे ६० ची घ्यावी लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची ४० ची पुरते. मध्यरात्री कॅमेरा अचानक 'सापडत नाही' असे संगणक म्हणू लागला, तर सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याआधी प्लग पाहावा. बाहेरून ५.५ मिलिमीटरचे दिसणारे गोल प्लग आतून २.१ आणि २.५ अशा दोन मापांचे येतात, २.१ च्या पिनेवर २.५ चा प्लग बसतो, पण सैल. दुर्बीण पश्चिमेला वळली, केबल किंचित ताणली गेली, की संपर्क तुटतो. लांब, बारीक तारेतून १२ व्होल्ट टोकाला ११ च्याही खाली जातात आणि माउंट वळताना अडखळते.

दुर्बीण, कॅमेरा आणि माउंट एकाच डब्यात भरलेल्या छोट्या 'स्मार्ट' दुर्बिणी अलीकडे लोकप्रिय झाल्या आहेत. ५० मिलिमीटर व्यास, २५० फोकल लेंथ, २.९ मायक्रॉनचा पिक्सेल: २.४ विकला प्रतिपिक्सेल, सुखाच्या पट्ट्याला लागूनच, जुळलेला हिशेब. व्यास इतका लहान असूनही त्यांचे फोटो नवशिक्याच्या तिप्पट महागड्या सामानापेक्षा बरे येतात, कारण वर लिहिलेले सगळे सांधे कारखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असतात.

तेव्हा आपल्या दैनिकाला विनंती अशी. वाचकांनी पाठवलेले आकाशाचे फोटो आपण छापाल तेव्हा खाली नाव-गावाबरोबर चार गोष्टी मागून घ्याव्यात आणि छापाव्यात: फोकल लेंथ, पिक्सेलचे माप, माउंट कोणते व त्यावर भार किती, आणि एकूण किती तासांचा प्रकाश गोळा केला. एका ओळीत मावतात. आणि दुर्बिणीच्या चौकटीत 'इतके पट' हा रकाना असेल, तर त्या जागी माउंटचे वजन छापावे.

कळावे,
आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक